अखंड नोंदीची वेधशाळा : कुलाबा ते अलिबाग

२०२६ मध्ये कुलाबा वेधशाळेला दोनशे वर्षे होतात. बंदरात नांगरलेल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून मुंबईच्या दक्षिण टोकावर ती सुरू झाली. पुढे तिने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेण्याचे काम अंगावर घेतले आणि १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेले. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था ते चालवते. नाव बदलले, जागा बदलली, खाते बदलले, राज्यकर्ते बदलले. चुंबकाची नोंद मात्र चालू राहिली. जगात इतकी जुनी आणि इतकी सलग नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, उष्ण कटिबंधात तर क्वचितच.

या सलगतेला एवढे महत्त्व का, ते आधी सांगायला हवे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र प्रामुख्याने सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालच्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून निर्माण होते. ते स्थिर नाही. दशकादशकांनी हळूहळू सरकते. शिवाय शंभरएक किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, सूर्यप्रकाशामुळे विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यांच्यामुळे हे क्षेत्र रोज दिवसा चढते-उतरते. सूर्यावर उद्रेक झाला की एक-दोन दिवसांत चुंबकीय वादळ येऊ शकते आणि मग काही तासांत मोठी उलथापालथ होते. अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८,००० नॅनोटेस्ला आहे. रोजचा चढउतार काही डझन नॅनोटेस्लांचा आणि मोठ्या वादळातली घसरण काही शेकड्यांची. शतकाची चाल, दिवसाची चाल आणि वादळाची चाल या तिन्ही एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायच्या तर एकाच जागी, एकाच शिस्तीने, वर्षानुवर्षे मोजत राहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

१८२६–१८४० : वेळेसाठी वेधशाळा

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला वेधशाळा बांधली ती खगोलीय वेधांसाठी. जहाजावरचे कालमापक घड्याळ तपासून घेतल्याशिवाय रेखांश काढता येत नाही, आणि घड्याळ तपासायचे तर किनाऱ्यावर ताऱ्यांचे नेमके वेध हवेत. १८२६ मध्ये इमारत उभी राहिली. पहिले खगोलशास्त्रज्ञ जॉन कर्निन यांच्या हाती आलेली उपकरणे सदोष निघाली. त्यावरून कंपनीशी मतभेद झाले आणि पहिली काही वर्षे फारसे काम झाले नाही.

त्या काळचे कुलाबा नजरेसमोर आणले तर सुरुवातीची अडचण कळते. ते बेट होते. मुंबईला जोडणारा कुलाबा कॉजवे पूर्ण झाला १८३८ मध्ये. त्याआधी येणेजाणे ओहोटीच्या वेळेवर किंवा होडीवर अवलंबून होते. मात्र गावापासून तुटलेली ही जागाच पुढे चुंबकाच्या कामाला लाभदायक ठरली.

१८४१–१८५० : चुंबकाचे पहिले दशक

या सुमारास युरोपात गाऊस आणि वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी गटिंगनहून एक मोठी मोहीम उभारली होती. निरनिराळ्या देशांतल्या वेधशाळांनी ठरलेल्या वेळी, एकाच क्षणी, चुंबकाचे वेध घ्यायचे आणि पृथ्वीभरचे चित्र जुळवायचे, अशी तिची कल्पना. शास्त्रज्ञ-प्रवासी हुम्बोल्ट यांनी त्यासाठी ब्रिटिशांकडे आग्रह धरला. कंपनीने पूर्वेकडे सिमला, मद्रास आणि सिंगापूर ही केंद्रे निवडली. मुंबईलाही हे काम सुरू झाले. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली कुलाब्याला चुंबकीय आणि हवामानाचे वेध घेतले जाऊ लागले. कंपनीची इतर केंद्रे एकेक करून बंद पडली. कुलाबा चालू राहिले.

मराठी वाचकाला ज्यांचा अभिमान वाटावा अशी दोन नावे याच दशकातली आहेत. एक बाळशास्त्री जांभेकर. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री सर्वांना ठाऊक आहेत. वेधशाळेची सूत्रेही काही काळ त्यांच्याकडे होती, हे कमी लोकांना माहीत असते. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनीही याच काळात वेधशाळेचा कारभार पाहिला. म्हणजे मुंबईच्या इंग्रजी आणि मराठी पत्रकारितेतले दोन अग्रणी त्या चार-पाच वर्षांत एकाच सुईवर लक्ष ठेवून होते.

दुसरे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. केरूनाना अष्टागरातल्या नागावचे. ऑर्लेबार यांनी या विद्यार्थ्याची गणितातली गती पाहून त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी दरमहा ५० रुपये पगारावर वेधशाळेत साहाय्यक नेमले. केरूनानांची पुढची ओळख गणिताचे आणि ज्योतिषाचे प्राध्यापक, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते आणि लोकमान्य टिळकांचे गुरू अशी. पण आकड्याशी प्रामाणिक राहण्याचे पहिले शिक्षण त्यांना वेधशाळेतल्या चुंबकाच्या खोलीत मिळाले असे मी मानतो. रेशमी धाग्याला टांगलेले चुंबक, त्यावरचा आरसा, समोरची दुर्बीण आणि मोजपट्टी. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा; दिवसा, रात्री, पावसात. केरूनानांच्या जन्मगावापासून अगदी जवळच्या अलिबागला हीच वेधशाळा पुढे येणार होती.

१८४६ पासून तासातासाच्या नियमित नोंदींची मालिका सुरू झाली. संस्थेचा आजचा आकडेसंग्रह याच वर्षापासून मोजला जातो. बाळशास्त्री त्याच वर्षी मे महिन्यात वारले.

१८५१–१८६० : २ सप्टेंबरची सकाळ

या दशकात वेधशाळा भारतीय नौदलाच्या अधिकाऱ्यांकडे होती. फर्ग्युसन प्रमुख होते. काम शिस्तीत बसले होते, नोंदवह्या भरत होत्या आणि त्यांच्याकडे जगाचे विशेष लक्ष नव्हते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांच्या समूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन झगझगीत ठिपके दिसले. काही मिनिटांत ते मावळले. साधारण १७ तास ४० मिनिटांनी त्या उद्रेकाचा लोट पृथ्वीवर येऊन आदळला. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती.

युरोपातल्या काही वेधशाळांत त्या वेळी छायाचित्रण पद्धतीने आपोआप नोंद होत असे. वादळ इतके प्रचंड होते की तिथली रेषा कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला मात्र माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसलेला होता. नेहमीचा रिवाज तासाला एक वाचनाचा. पण क्षेत्र अस्वस्थ झाले की वाचने मिनिटांच्या अंतराने घ्यायची, असा नियम होता. तो नियम त्या सकाळी पाळला गेला. आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला आणि काही तासांत बराचसा सावरला. ही सगळी घसरण वहीत आकड्यांनी लिहिलेली आहे.

त्या दिवसाचे श्रेय एका नावावर लिहिण्यासारखे नाही. पाळीवरचे निरीक्षक, वह्या तपासणारे कारकून, चुंबकाच्या खोलीची निगा राखणारे सेवक, सगळ्यांचे ते आहे. ही नोंद किती मोलाची आहे हे जगाला कळायला १४४ वर्षे लागली. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना व शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याच्या जुन्या आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता काढली. विषुववृत्ताभोवतीच्या प्रवाहाच्या निर्देशांकाचा त्यांचा अंदाज उणे १,७६० नॅनोटेस्ला होता. वीजजाळ्यांना आणि उपग्रहांना सूर्यापासून कमाल धोका किती, याचा विचार आज कुठेही सुरू झाला की त्या चर्चेत कुलाब्याची ही नोंद येतेच.

१८६१–१८९५ : कागदावर उमटणारी रेषा

चार्ल्स चेंबर्स यांच्या तीन दशकांच्या कारकिर्दीत वेधशाळेला शास्त्रीय संस्थेचे रूप आले. ते रॉयल सोसायटीचे सदस्य होते. १८७० च्या दशकात कुलाब्यालाही छायाचित्रण करणारी चुंबकलेखक यंत्रे आली. चुंबकाला चिकटवलेल्या आरशावरून परावर्तित झालेला दिव्याचा किरण फिरत्या नळकांड्यावरच्या प्रकाशग्राही कागदावर पडतो आणि चोवीस तासांची अखंड रेषा उमटते. आता दोन वाचनांच्या मधले काही निसटत नव्हते. मात्र रेषेचा अर्थ लावायचा तर तिची मूळ पातळी ठरवावी लागते, आणि ती हातानेच मोजावी लागते. त्यामुळे यंत्र आले तरी माणसाची पाळी संपली नाही.

४ फेब्रुवारी १८७२ चे वादळ याच काळातले. ध्रुवीय प्रकाश एरवी थंड मुलखातला, पण त्या रात्री तो मुंबईतून दिसल्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले होते, आणि कुलाब्याच्या आकड्यांतही त्या दिवसाची खोल घसरण आहे. चंद्राच्या गतीमुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा अतिशय सूक्ष्म बदलही चेंबर्स यांनी या नोंदींतून शोधला. हजारो दिवसांचे आकडे हाताने मांडून, बेरजा करून सरासऱ्या काढण्याचे ते काम होते.

१८९६–१९१० : विजेची ट्राम आणि पोरबंदरचा दगड

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस संचालक झाले. संचालक म्हणून नेमलेले ते पहिले भारतीय. त्यांनी १८९८ मध्ये कुलाब्याला मिल्न यांच्या धर्तीचे भूकंपलेखक यंत्र बसवले. पण त्यांच्यापुढचा खरा प्रश्न वेगळाच होता.

मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून होत्या. त्या विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, त्यातला काही जमिनीत पाझरतो, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र सुईपर्यंत पोचते. म्हणजे कुलाब्याची नोंद निरुपयोगी होणार हे निश्चित होते. शहर थांबणार नव्हते. तेव्हा वेधशाळेने हलायचे ठरवले, आणि जागा निवडली खाडीपलीकडे साधारण तीस किलोमीटरवर, अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर.

तिथली इमारत संस्थेच्या इतिहासातले सर्वांत सुंदर काम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण घरे-देवळे बांधायला उत्तम, पण त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात. हा दगड लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा आपल्यात धरून ठेवतो. अलिबागमागच्या डोंगरापासून थेट मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवच्या कयाधू नदीकाठापर्यंत तोच पाषाण पसरलेला आहे. संत नामदेवांच्या या गावातला एखादा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण सांभाळून बसलेला असतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत ब्रिटिश संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दख्खनच्या अशाच पाषाणांतली ही जुनी दिशा मोजली, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे त्यातून दिसले. पण दगडाचा हाच गुण वेधशाळेला घातक, कारण भिंतच चुंबक असली तर सुई काय सांगणार? म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म तपासून घेतला, तो चुंबकीय नाही याची खात्री केली आणि त्याने भिंती उभ्या केल्या. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या घातल्या. चुंबकलेखकाची खोली दुसऱ्या खोलीच्या पोटात बांधली, म्हणजे बाहेरच्या उन्हा-थंडीचा तिथल्या तापमानावर परिणाम होऊ नये. शंभराहून अधिक वर्षांनीही या वास्तूचा उपयोग होतो आहे.

एप्रिल १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. पुढची दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. दोन जागांच्या आकड्यांत फरक किती हे असे नेमके ठरले, आणि कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला बेमालूम जोडता आली. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर हे काम पूर्ण झाले होते. दुहेरी मनुष्यबळ, दुहेरी खर्च आणि मधल्या खाडीची ये-जा, हे सारे ज्यांनी सोसले त्या कर्मचाऱ्यांचे ऋण आजच्या प्रत्येक आलेखावर आहे. घाई करून एका दिवसात स्थलांतर उरकले असते तर १८४६ ते आज अशी एक मालिका उरली नसती. दोन तुकडे उरले असते.

मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे कुलाब्याचे चुंबकीय आकडे विश्लेषणासह दोन खंडांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळ येते तेव्हा क्षेत्र सरासरी कसे वागते, म्हणजे सुरुवातीची किंचित वाढ, मग मोठी घसरण आणि सावकाश सावरणे, याचे चित्र त्यांनी अनेक वादळांच्या नोंदी एकत्र करून मांडले. पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पायावर काम केले. १९१९ मध्ये मूस निवृत्त झाले.

१९११–१९७० : हवामान खात्याची वर्षे

या सहा दशकांत वेधशाळा भारतीय हवामान खात्याचा भाग होती. सुधांशुकुमार बॅनर्जी आणि नंतर एस. एल. माळूरकर यांच्यासारखे संचालक तिला लाभले. दोन महायुद्धे झाली, स्वातंत्र्य आले, अलिबागची मामलत, शाळा, बाजार बदलत गेले. अलिबागच्या खोलीत रोज कागद बदलला जात होता.

१९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष मोठे वळण ठरले. दक्षिण भारतातून चुंबकीय विषुववृत्त जाते. तिथे, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद आणि जोरकस विद्युतप्रवाह असतो. चॅपमन यांनी त्याला विषुवीय विद्युतझोत म्हटले. त्याचा अभ्यास करण्यासाठी अण्णामलैनगर आणि त्रिवेंद्रम येथे नव्या चुंबकीय वेधशाळा निघाल्या. अलिबाग या झोताच्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून तुलनेचे ठिकाण म्हणून त्याची किंमत उलट वाढली. दक्षिणेच्या केंद्रातील चढउतारातून अलिबागचा चढउतार वजा केला की झोताचा स्वतःचा भाग उरतो. १९६३ मध्ये भारतातून पहिला अग्निबाण जिथून सुटला ते त्रिवेंद्रमजवळचे थुंबा निवडले गेले तेही चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ होते म्हणूनच.

१९७१–२००० : स्वायत्त संस्था

१९७१ मध्ये कुलाबा-अलिबागच्या कामातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. बी. एन. भार्गव पहिले संचालक. वेध घेणे आणि नोंद जपणे हे जुने काम राहिलेच. त्याला सिद्धान्त, आयनांबर, अवकाशातील प्लाझ्मा आणि भूकवचाची विद्युतवाहकता या विषयांतल्या संशोधनाची जोड मिळाली. आर. जी. रस्तोगी यांच्या काळात विषुवीय झोताच्या अभ्यासाला जोर आला.

वेधशाळांचे जाळे याच काळात फैलावले : उज्जैन, जयपूर, नागपूर, विशाखापट्टणम, शिलाँग, पोर्ट ब्लेअर आणि इतर ठिकाणी केंद्रे निघाली. तिरुनेलवेली, अलाहाबाद आणि शिलाँग येथे प्रादेशिक संशोधन केंद्रे उभी राहत गेली. अंटार्क्टिकावर मैत्री तळावर जाऊन ध्रुवीय भागातले वेध घेणारे पथक संस्थेने उभे केले. नंतर भारती तळावरही ते काम सुरू झाले. भूचुंबकत्वाचे जागतिक आकडाकेंद्र मुंबईत आले. छायाचित्रण कागदांची जागा हळूहळू अंकीय यंत्रांनी घेतली. प्रोटॉन चुंबकमापक एकूण क्षेत्र मोजतो, फ्लक्सगेट त्याचे घटक सेकंदागणिक नोंदवतो.

२००१ पासून आजवर

मुख्यालय कुलाब्याहून नवीन पनवेलला गेले. अर्चना भट्टाचार्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. विषुवीय आयनांबरातल्या अनियमिततांवर त्यांचे काम जगभर मानले जाते. अलिबाग आता इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे आणि तिथले आकडे थेट जगाला मिळतात. तरीही दिक्पात (सुईचा खऱ्या उत्तरेपासूनचा कोन) आणि नती (क्षितिजापासूनचा कोन) यांची मूळ पातळी ठरवण्यासाठी निरीक्षक ठरावीक दिवशी खांबावरच्या थिओडोलाइट या कोनमापक यंत्रापाशी जातो आणि जाण्यापूर्वी घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल बाहेर ठेवतो. ती शिस्त केरूनानांच्या काळातलीच आहे.

नोंदींचा उपयोग आता पूर्वी कुणाच्या मनात नव्हता अशा ठिकाणी होतो. मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती. उपग्रहांच्या कक्षा, विमानांचे रेडिओ, मोबाइलवरचा नकाशा, सगळ्यांना अवकाशातल्या हवामानाची झळ पोचते. १०-११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. दोन दशकांतले हे सर्वांत तीव्र वादळ होते. भारताचे आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले, म्हणजे कुलाब्याच्या त्या मोठ्या नोंदीच्याच तारखेला. त्यावरही एक चुंबकमापक आहे, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडून येणारा झोत इथे पोचण्याआधी त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पाहणारा.

मराठवाड्यातही या शास्त्राची गरज लागणार आहे. नरसी नामदेवच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जगभर पडणाऱ्या विजांमुळे जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीत सेकंदाला आठाच्या आसपास आवर्तनांची चुंबकीय थरथर सतत चालू असते. ती सगळीकडे एकाच वेळी जाणवते. त्यामुळे दूरदूरच्या दोन शोधक यंत्रांत एकच खोटी खूण उमटू शकते, आणि ती ओळखण्यासाठी अशा यंत्रांच्या परिसरात चुंबकमापक बसवलेले असतात.

जुन्या छायाचित्रण कागदांच्या गुंडाळ्या आणि हस्तलिखित वह्या यांचे अंकीकरण हे आजचे सर्वांत कष्टाचे काम आहे. कागद ठिसूळ झाले आहेत, शाई फिकट झाली आहे आणि प्रत्येक रेषा आकड्यांत उतरवताना तिची मूळ पातळी त्या दिवसाच्या हाताने घेतलेल्या वाचनाशी ताडून पाहावी लागते. या कामातून १८७२ च्या आणि इतर जुन्या वादळांचे सविस्तर आलेख तयार होऊ लागले असून वेगवेगळ्या देशांतले अभ्यासक त्यांचा उपयोग करीत आहेत.